लोकाटच्या पानांची लव

लान्चौ, १८ नोव्हेंबर १९८४

बाबा,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार. कापडी पिशवीत शिवून पाठवलेली लोकाटची पानं पोचली. पिशवीवरचे टाके आईंचेच, उसवता उसवता माझी नखं दुखली. एवढी घट्ट शिवण पोस्टावर विश्वास नाही म्हणून, की माझ्यावर नाही म्हणून?

शाओमानचा खोकला काही हटत नाही. कोरडा नाही, ओला आहे. छातीत कफाची घरघर चालते, पहाटे उठून बसते, खोकून खोकून लाल होते आणि बाहेर काही पडत नाही. घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटल्यात, धूर अगदी नदीवर जाऊन बसलाय. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण त्यांनी नुसती झोप येते. म्हणून तुमची पानं उकळली, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, चांगली मूठभर. सांगायला लाज वाटते बाबा, पण खोकला वाढला. पोर घसा खाजवत रडायला लागली. म्हणते, "आजोबांच्या झाडाला काटे आहेत."

पानं जुनी होती का? वेनहाय होते तेव्हा दर हिवाळ्यात तेच हा काढा करायचे. मी लोकरीच्या गिरणीतून पाळी संपवून यायची आणि आयती वाटी तोंडाला लावायची. ते कसं करतात हे कधी पाहिलंच नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी पाहून ठेवायला हव्या होत्या अशा गोष्टी अजून निघताहेत. माझी आई असती तर तिला विचारलं असतं. ती मी शाओमानएवढी असतानाच गेली. तेव्हा तुम्हालाच विचारते, हसू नका.

तुमची सून,
सूयुन


दोंगशान, २९ नोव्हेंबर १९८४

सूयुन पोरी,

तुझं पत्र मी तुझ्या सासूला मोठ्याने वाचून दाखवलं, ही चूक झाली. ती हातातलं निवडणं टाकून उठली आणि अंगणभर फिरत राहिली. "लव काढली नाही! माझ्या नातीच्या घशात लव घातली! वेनहायने हिला काय फक्त प्यायलाच शिकवलं?" शेजारच्या बायका कुंपणापाशी जमा झाल्या. आता अख्ख्या दोंगशानला माहीत आहे की वंगांच्या उत्तरेकडच्या सुनेला लोकाटचं पान कळत नाही.

पानं जुनी नव्हती बाई. एक पान उलटं करून पाठीवरून अंगठा फिरव. मांजरीच्या कानामागे लागते तशी मऊ लव लागेल. ती दिसायला गरीब, पण काढ्यात उतरली की घशाला चिकटते आणि माणूस आणखीनच खोकतो. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा आधी लव काढतं. मी तुला सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा निम्मी चूक माझी.

आता नीट वाच. पान ओलं करायचं, फळीवर पालथं ठेवायचं आणि कडक ब्रशने देठापासून टोकाकडे घासायचं. एकेक पान. घाई केलीस तर पान फाटतं आणि लव तशीच राहते. मग धुवायचं, वाळवायचं, बारीक चिरायचं, मंद आचेवर उकळायचं, दोनदा फडक्यातून गाळायचं आणि शेवटी खडीसाखर. आणि ॲल्युमिनियम अजिबात नको. काढ्याला मातीचं मडकंच हवं. विकत मात्र आणू नकोस, घरात काढ्याचं मडकं विकत आणलं की दुखणं मुक्कामाला येतं. कुणाचं तरी मागून आण. हे मात्र तुमच्याकडेही असंच असेल. इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय, पण दुसरं करणार काय?

तुझ्या सासूचा निरोप, तिच्याच शब्दांत: "पोरीला इकडे पाठव. इथे धूर नाही, तळ्यावरचा वारा आहे, आजी आहे. तिला म्हणावं, तू गिरणीत जाणार, पोर एकटी खोकत बसणार, त्यापेक्षा इकडे बरी." हे ती रोज म्हणते. वेनहाय एकुलता एक. तो गेल्यापासून तिचा सगळा जीव नातीत अडकलाय, सूयुन. तुला आवडणार नाही ठाऊक आहे, पण उत्तर काहीतरी दे.

नवी पानं सोबत आहेत. झाडं फुलली आहेत. बाहेर एवढी थंडी, तरी मधमाश्या येतात.

वंग शौरन


लान्चौ, २३ डिसेंबर १९८४

बाबा,

आधी चांगली बातमी. खोकला मऊ पडला! काढा सुरू केला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी शाओमानला खोकल्याची मोठी उबळ आली आणि कफाचा एवढा गोळा पडला. ती स्वतःच घाबरून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मी आता हलकी झाले." त्या रात्री ती सलग झोपली आणि मी जागीच राहिले, घरघर ऐकू येत नव्हती म्हणून.

मडकं मागून आणलं. आमच्या चाळीच्या खाली उकळत्या पाण्याची खोली आहे, सगळी बिऱ्हाडं तिथे थर्मास भरून नेतात. तिथल्या बॉयलरवर दू वानशान म्हणून आहेत. मडकं त्यांच्या आईचं. ती गेल्यावर फडताळात पडून होतं. त्यांनी ते आतून बाहेरून घासून, वर आणून दिलं. पानांची लव काढायला अख्खी संध्याकाळ गेली. आम्ही जेवायचंही विसरलो. शाओमानने फळी धरली. एकेक पान अंगठ्याने तपासून मगच टोपलीत टाकायचं असा नियम केला होता, माझी बरीच पानं नापास झाली.

मडक्याचं तुमच्याकडे जे आहे तेच आमच्याकडेही आहे, आणि वर आणखी एक: मागून आणलेलं मडकं आपण परत नेऊन द्यायचं नाही, दिलं तर दुखणं त्यांच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं होतं. ज्याचं त्याने येऊन न्यावं. रविवारी दू ते न्यायला आले होते. चहा झाला. मग म्हणाले, थंडी वाढतेय, पोरीला परत लागेल, असू दे. त्याच्या पुढच्या रविवारीही आले होते. तेव्हा इकडचे हिवाळी नासपती घेऊन आले होते, ते काळे पडलेले, गोठलेले, गार पाण्यात ठेवून चोखून खायचे. कफाला चांगले म्हणतात. मडकं अजून इथेच आहे.

आईंना सांगा, शाओमान शाळेत रमली आहे. अक्षरं मोठी मोठी काढते. तिकडे पाठवण्याचं म्हणाल तर आत्ता थंडीत एवढा प्रवास नको. उन्हाळ्यात बघू.

इथले सुकवलेले लिलीचे कंद पाठवतेय. पेजेत घाला, आईंच्या छातीला बरं वाटेल.

सूयुन


दोंगशान, ८ जानेवारी १९८५

सूयुन पोरी,

लिलीचे कंद मिळाले. तुझ्या सासूने पेज केली, दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, "गोड आहेत, पण तिला काय कळतंय निवडायला." म्हणजे आवडले.

आता हे पत्र मी मागच्या खोलीत बसून लिहितोय. तुला माहीत आहे, तिला अक्षर येत नाही, तुझं प्रत्येक पत्र मी वाचून दाखवतो. या वेळी वाचताना मी मधल्या बऱ्याच ओळी गिळल्या. गिळताना मला ठसका लागला, त्यावर ती म्हणाली, "तुम्हालाही काढा लागणार." ती मूर्ख नाही, पण त्या दिवशी तिचं लक्ष नातीच्या कफात होतं.

मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणतात. तू तर डोळे मिटण्याची तसदीही घेतली नाहीस. "आम्ही जेवायचंही विसरलो." आम्ही म्हणजे तू आणि सहा वर्षांची पोर का? पोरीला जेवण विसरता येत नाही, तिचा बाप असतानाही येत नव्हतं. आणि तुझी पानं नापास करणारा तो परीक्षक कोण? शेजाऱ्याला मडकं हवं असेल तर तो दाराशी उभा राहतो, मडकं घेतो आणि जातो. दर रविवारी येऊन चहा पिऊन मडकं तिथेच ठेवून जाणारा माणूस मडक्यासाठी येत नाही. हे मला हजारभर मैलांवरून कळलं, मग तुला जिन्यावरून कळत नाही असं कसं मानू?

मी रागावलेलो नाही. रागवायला हवं होतं, म्हणून रात्री बसून बघितलं, पण राग आला नाही. तू तिशी ओलांडलीस त्यालाही फार वर्षं झाली नाहीत. वेनहायच्या फोटोसमोर मी हे बोललो. तो पूर्वीसारखाच हसत होता.

फक्त एवढं सांग, माणूस कसा आहे? जेवतो कसा, घाईघाईने की नीट? त्याला स्वतःला खोकला आहे का? बॉयलरवरच्या माणसांना असतो. आणि शाओमान त्याला काय म्हणते?

तुझ्या सासूला मात्र इतक्यात काही कळू नये असं मला वाटतं. तू दुसरं घर केलंस की नात परक्याची झाली, असं तिच्या मनात बसेल. नात हा तिचा शेवटचा धागा आहे. तो तुटला तर तिचं काय होईल मला सांगता येत नाही.

वंग शौरन


लान्चौ, २४ जानेवारी १९८५

बाबा,

तुमचं पत्र मी गिरणीत, मशीन बंद असताना वाचलं. शेजारच्या मशीनवरच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? इतकं रडत होते.

लपवायचं म्हणून लपवलं नव्हतं. माझं मलाच माहीत नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सांगते. जेवतात हळू, वाडगं शेवटपर्यंत चाटूनपुसून. खोकला आहे, सकाळचा. आपल्यासाठी पानं उकळ म्हणून कधी म्हणाले नाहीत, मीच एक वाटी खाली पाठवते. शाओमान त्यांना दूकाका म्हणते आणि त्यांच्या काळ्या हातांवर खडूने आकडे लिहिते. वेनहायबद्दल ते विचारतात, मी सांगते, आणि ते ऐकून घेतात. माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

परवा त्यांनी विचारलं. मी हो म्हटलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की माझ्या घरी दोन माणसं आहेत, त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. ते म्हणाले, विचार. मी म्हटलं, नाही म्हणाले तर? म्हणाले, तर नाही.

बाबा, माझ्यासाठी ओळी गिळू नका. आईंना फसवून मला सुख लागणार नाही. सोबत वेगळा कागद आहे. तो एक शब्दही न गाळता त्यांना वाचून दाखवा. त्यात सगळं लिहिलं आहे. आणि एकच मागणं केलं आहे: शाओमानला माझ्याकडून नेऊ नका. बाकी त्या म्हणतील ते मी मान्य करेन. लग्न नको म्हणाल्या तर लग्न नाही.

सूयुन


दोंगशान, २ मार्च १९८५

सूयुन,

तुझा कागद नवीन वर्षाच्या सणाआधीच वाचून दाखवला. एक शब्द गाळला नाही. तिने सगळं ऐकलं. मग शिडी चढून माळ्यावर गेली, जिथे पानं वाळत घालतो तिथे, आणि खूप वेळ खाली आली नाही.

सण झाला. टेबलावर नेहमीसारखे वेनहायचे आणि तुमचे दोघींचे वाडगे मांडले, म्हणून मला वाटलं निवळली. दुसऱ्या दिवशी मी पार्सलसाठी पानं काढायला लागलो तर तिने टोपली ओढून घेतली. म्हणाली, "राहू द्या. तिकडे आता बघणारं माणूस आहे ना? त्याला आणू दे पानं." मी म्हटलं, "अगं, लान्चौला लोकाट होत नाही." तर म्हणाली, "मग मडकं रिकामं राहील."

मी भांडलो. चाळीस वर्षांत एवढा भांडलो नव्हतो. उपयोग झाला नाही. या पत्रासोबत पानं नाहीत, पोरी. शाओमानबद्दलच्या तुझ्या मागणीवरही ती हो की नाही सांगत नाही.

वंग शौरन


लान्चौ, १७ मार्च १९८५

वंगकाकांना नमस्कार.

मी दू वानशान. हे पत्र सूयुनला न सांगता लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही, काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आल्यापासून ती नीट जेवत नाही. मला काही सांगितलं नाही, पण पिशवी आली नाही हे मला दिसलं. पानं संपत आली आहेत. आता मूठभर राहिली असतील. शाओमान बरी आहे, पण धुळीचे वारे सुरू झाले आणि कफ परत धरतोय. आधी पिवळा आणि घट्ट होता, आता पांढरा आणि पातळ पडतो, म्हणजे उतार आहे. सकाळी ती खोकते तेव्हा वाटी मी धरतो, कारण सूयुनची पहाटेची पाळी असते. पाठीवर खालून वर थोपटलं की पटकन सुटतो. पोर धीराची आहे, रडत नाही, फक्त माझा अंगठा धरून ठेवते.

काका, मला एवढंच सांगायचं आहे. मडकं त्या घरात आहे तोवर मला त्या दारात जायला निमित्त आहे. तुमची आणि काकूंची तशी इच्छा असेल तर उत्तर येईल त्या रविवारी मी जाऊन मडकं घेऊन येतो, आणि नंतर त्या दारात जाणार नाही. गिरणीच्या दुसऱ्या वसाहतीत बदली मागता येते, ती मागेन. सूयुनला मी कारण सांगणार नाही. म्हणजे तुमचं आणि तिचं पहिल्यासारखं होईल.

पण पानं बंद करू नका. एवढं काकूंना माझ्यातर्फे सांगा. पानं माझ्यामुळे थांबली असतील तर मी जातो.

तुमच्या उत्तराशिवाय मी मडक्याला हात लावणार नाही.

दू वानशान


दोंगशान, ९ एप्रिल १९८५

सूयुन,

हे पत्र तुझी सासू सांगते आणि तुझा सासरा लिहितो. मी त्याला बजावलं आहे, मी म्हणेन तेच लिहायचं, शहाणपण घालायचं नाही. (मी तसंच लिहितोय. शौरन.) हे कंसातलं काय लिहिलंत? दाखवा. बरं, असू दे.

तुझ्या त्या बॉयलरवाल्याने आम्हाला पत्र लिहिलं, तुला न सांगता. आता मी चहाडी करते. तो म्हणतो, मी मडकं घेऊन निघून जातो, पण पोरीची पानं बंद करू नका. सोबत ते पत्र घातलं आहे, तूच वाच. मी ते तुझ्या सासऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तो वैतागला.

त्यात कफाचं लिहिलंय. पिवळा होता, पांढरा झाला, घट्ट होता, पातळ झाला. वाटी धरतो म्हणतो. अगं, सख्खे बाप नाक मुरडून बाहेर जातात. वेनहाय माझा मुलगा, देवमाणूस, पण तुम्ही इकडे आलात आणि पोरगी ओकली की तोसुद्धा "आई!" म्हणून मला हाक मारायचा. परक्याच्या पोरीचा कफ जो सकाळी उठून निरखून बघतो, त्याच्याबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही. मडक्याला हात लावायचा नाही म्हणावं त्याला.

आता माझं ऐक. सगळ्यांना वाटतंय की मला नात हवी होती आणि ती जाईल म्हणून मी रुसले. तुझा सासराही तेच धरून बसला. चाळीस वर्षं एका ताटात जेवतोय, पण ओळखलं नाही. (खरं आहे.)

पोरगी तुझी आहे, ती तुझ्याजवळच राहणार, हे मला न कळायला मी काय वेडी आहे? तिचं आडनाव वंग राहू दे नाहीतर दू होऊ दे, हाक मारली की ओ देते ना, झालं. मी तिला इकडे मागत होते कारण वासरू इकडे बांधलं की गाय आपणहून येते. मला तू हवी होतीस. वेनहाय गेला त्या दिवसापासून मला आई म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते पत्रातून म्हणतं. नात आजी म्हणते. आई फक्त तू म्हणतेस. तुझा तो कागद ऐकला तेव्हा मला वाटलं, आता ही दुसऱ्या घरची सून होणार, तिथे दुसरी सासू असेल, तिला आई म्हणेल, आणि मला लिहील, "वंगकाकू, तब्येत कशी आहे?" म्हणून माळ्यावर जाऊन बसले. पानांची टोपली घेऊन बसले आणि एकही पान बांधलं नाही. वाईट केलं. पोरीचा खोकला मध्ये यायला नको होता. या पिशवीत दुप्पट पानं आहेत, आणि लव मी काढून पाठवली आहे, हात दुखेपर्यंत.

दूची आई नाही असं कळलं. मला वाईट वाटायला हवं. थोडं वाटलं.

परवा पितरांच्या दिवशी आम्ही डोंगरावर वेनहायच्या थडग्याशी गेलो. गवत काढलं, कागद जाळले. मी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोला आम्ही घरातून देतोय. सून म्हणून नाही. सून गेली तर घर रिकामं होतं. लेक दिली तर जावई येतो. तेव्हा मी तिला लेक करून देतेय, तुला चालेल ना? वारा पडलेला होता, पण कागद नीट जळाले.

म्हणून लग्न तिकडे कचेरीत सही करून उरकायचं नाही. सही करायची तर करा, पण तू आणि शाओमान आधी इकडे या, लोकाट पिकतील तेव्हा. तुला नवे कपडे मी शिवते. लाल, आणि मोठे टाके घालून नाही. मग तो येईल आणि माझ्या दारातून तुला मागून नेईल, रीतीप्रमाणे. दार लगेच उघडणार नाही, हे त्याला सांगून ठेव. शेजारणींनी आताच ठरवून टाकलंय त्याला काय काय प्रश्न विचारायचे. गाता येतं का विचार.

पुढे काही लिहायचं होतं, पण हा म्हातारा लिहिता लिहिता डोळे पुसतोय आणि शाई फाकतेय.

आई


लान्चौ, २२ एप्रिल १९८५

आई,

पिशवी मिळाली. टाके उसवायला दूंना दिले, त्यांनी चाकू वापरला नाही, सगळा दोरा सलग काढून गुंडाळून ठेवला. पानांच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एकही नापास नाही." त्यांचं पत्र तुम्ही मला पाठवलंत हे कळल्यावर दिवसभर ते बॉयलरच्या खोलीतून वर आले नाहीत. संध्याकाळी मीच खाली गेले. एवढंच सांगते, बाकीचं तुम्हाला तोंडी सांगेन.

त्यांना गाता येत नाही. आमच्या वसाहतीतली मंडळी म्हणतात, हा गायला लागला तर बॉयलर बंद पडेल. तरी शिकतोय म्हणतात, रोज पाणी तापवताना. शेजारणींना सांगा, जपून विचारा.

मे महिन्याच्या मध्याला शांघायच्या गाडीची तिकिटं काढतेय. सूचौला उतरू आणि तिथून बस. दू दहा दिवसांनी येतील. नवऱ्या मुलाने मुलीच्या घरी आधीपासून मुक्काम करायचा नसतो ना, म्हणून. ते विचारतात, काकूंना काय आणू? मी म्हटलं, काकू म्हणू नका, तेवढं पुरेल.

शाओमानचा खोकला जवळजवळ गेला. सकाळी थोडा असतो. ती रोज मोठ्या अक्षरात "दोंगशान" लिहिते.

तुमचं पत्र तेवढं मी कुणाला वाचून दाखवलं नाही. दूंनाही नाही. मी ते गिरणीच्या कामाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. काल जेवणाच्या सुट्टीत काढून वाचत होते, तेव्हा पलीकडच्या मशीनवरची बाई म्हणाली, "पुन्हा रडतेस? कुणाचं गं पत्र?"

मी म्हटलं, "माझ्या आईचं."

सूयुन